चाकांवरचं वन-रूम-किचन

माझं माप त्यांच्याइतकं नीट आजवर कुणी घेतलेलं नाही, शिंप्यानेही नाही. एका रविवारी सकाळी त्यांनी मला त्यांच्या बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रांवर आडवं केलं, डोक्याशी पेन्सिलीने एक रेघ मारली, टाचांशी दुसरी, आणि म्हणाले, "आता कुशीवर व्हा." कुशीवर झालो तसे माझे गुडघे किती पुढे येतात तेही मोजलं. "घोरता का?" मी नाही म्हटलं. स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला, "घोरतात." ती काकूंकडे विरजण मागायला आली होती. त्यांनी कागदाच्या कडेला काहीतरी टिपलं आणि मला उठवलं. हे सगळं कशासाठी, ते मी विचारलं नव्हतं. आडवं व्हायला कुणी सांगितलं तर मी कारण विचारत बसत नाही, माझा स्वभावच तसा आहे.

हे आमच्या समोरच्या दारातले काका. मीरा रोडला, पूनम सागरमध्ये, आम्ही नव्यानेच राहायला आलो होतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतून वन-रूम-किचनमध्ये आलेला माणूस स्वतःला संस्थानिक समजतो, तसा मीही समजत होतो. आठ दिवसांत तिथल्या नळाने माझं संस्थान खालसा केलं.

काका सरकारी खात्यात नकाशे काढायला होते. जन्मभर दुसऱ्यांचे बंगले, विश्रामगृहं आणि पूल कागदावर काढले आणि निवृत्त होऊन आमच्यासारख्याच वन-रूम-किचनमध्ये राहायला आले. लेंग्याच्या खिशात कायम पोलादी टेप. कुणाकडे नवा फ्रिज आला की हे टेप घेऊन त्यांच्या दारात हजर. कुठल्याही शंकेवर उत्तर एकच, "माप घेतलंय." माणसांना नावाने हाक मारायची नाही, हा त्यांचा दुसरा नेम. मी "शेजारी", आमची ही "शेजारीणबाई", सोसायटीचा गुजराती सेक्रेटरी "कार्यवाह" आणि दूधवाला भैया "गोपालक". गोपालकाला ते नाव इतकं आवडलं होतं की तो आम्हाला पातळ आणि त्यांना जरा बरं दूध घालतो, असा मला कायम संशय होता.

काकूंचं सगळं आयुष्य मात्र पाण्यात गेलं होतं. म्हणजे पाणी भरण्यात. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि आलं म्हणेपर्यंत गेलं. नाहीतर टँकर, आणि टँकरमागे धावणारी आमची अख्खी विंग. काकूंकडे पिंप, हंडे, कळश्या, पातेली सगळी भरलेली असत. प्रेशर कुकर भरलेला असे, फुलदाण्या भरलेल्या असत. चमचे सोडले तर त्या घरात पाणी नसलेलं भांडं नव्हतं. काकू साखर देत, चहापूड देत. एकदा लग्नाला जायचं म्हणून आमच्या हिला त्यांनी स्वतःची मोहनमाळ काढून दिली. पाणी मात्र तांब्याभरसुद्धा नाही. "पाण्याचं तेवढं बोलू नका हं," असं इतक्या मायेने म्हणत की मागणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

त्यामुळे काकू घर सोडून कुठे जात नसत. आपण बाहेर आणि नेमकं पाणी आलं तर? बाजारात गेल्या तरी अर्ध्या वाटेवरून कान बिल्डिंगकडे. त्यांचा एकुलता एक भाऊ कायमचा अमेरिकेला निघाला तेव्हा विमानतळावर काका एकटेच गेले होते, कारण तो पाण्याचा दिवस होता. हे मला काकांनीच जिन्यात सांगितलं. सांगताना खिशातला टेप नुसता चाळवत राहिले. म्हणाले, "शेजारी, तिला एकदा या घरातून बाहेर काढायचंय. पाणी मोकळं बघू दे तिला. हंड्यातलं नाही." मी हो हो म्हटलं. माणूस गंभीर झाला की मी हो हो म्हणतो आणि वर सटकतो.

मग भावाचं जाड पाकीट आलं. तो तिकडे मिशिगनला होता. मोठमोठ्या तळ्यांचा मुलूख. तळं कसलं, पलीकडचा काठच दिसत नव्हता, फक्त पाणी गोडं म्हणून त्याला तळं म्हणायचं. उन्हाळ्यात हे लोक एक मोटार-घर घेऊन तळ्यातळ्याने फिरले होते. एक रात्र सफरचंदाच्या बागेत, एक दीपगृहाच्या पायथ्याशी, एक कुणा शेतकऱ्याच्या लाल कोठाराशेजारी, एक बंद पडलेल्या आगगाडीच्या डब्यात. सगळ्याचे रंगीत फोटो. काकांनी ते फोटो मला लग्नाच्या अल्बमसारखे एकेक करून दाखवले, मग भिंग काढलं. "हा मेहुणा गाडीला टेकून उभाय ना, त्याची उंची मला ठाऊक आहे. त्यावरून गाडी काढली," म्हणाले आणि माझ्यापुढे अख्खा नकाशा पसरला. काकू त्या तळ्याच्या फोटोकडे खूप वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गाडीत पाणी कोण भरतं?"

कुणालाच माहीत नव्हतं. काका मात्र मला दारापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "ती घरातून निघत नाही ना? मग मी घरच काढतो बाहेर."

काशिमीऱ्याला एका बेकरीची जुनी व्हॅन विकायला होती. ती त्यांनी आणली आणि बिल्डिंगच्या मागे, जिथे मिठागरं सुरू व्हायची, तिथे उभी केली. त्या हिवाळ्यात रोज ठोकाठोक. मेहुण्याची गाडी बाजूला राहिली, काकांनी चाकांवर वन-रूम-किचन बांधलं. बाहेरची खोली, मध्ये पडदा, मग स्वयंपाकघर. कोपऱ्यात मोरी, मोरीला कठडा. देव्हारा. खिळ्याला कॅलेंडर. वर माळा, माळ्यावर चढायला शिडी. दारावर पाटी आणि पाटीखाली बेल. मी विचारलं, "गाडीला बेल कशाला?" तर म्हणाले, "कुणी आलं तर?" सेक्रेटरी एकदा येऊन सगळं बघून गेला आणि म्हणाला, "काका, इसका मेंटेनन्स अलग लगेगा हां." बेकरीचा वास शेवटपर्यंत गेला नाही, त्यामुळे आम्ही जिथे जाऊ तिथली कुत्री आमच्यामागे यायची.

माळा माझ्यासाठी होता. ते माप त्यासाठीच घेतलं होतं. आणि मी कशाला हवा, तर माझ्याकडे लायसन्स होतं म्हणून. गाडी चालवता येत नव्हती. पुढेमागे ऑफिस आपल्याला गाडी देईल या भ्रमात मी एका एजंटकडून लायसन्स काढून ठेवलं होतं. ऑफिसने पुढे मला एक छत्री दिली. काकांचं उलटं होतं. खात्याच्या जीपवर ते उत्तम गाडी शिकले होते, पण लायसन्सची मुदत केव्हाच संपलेली, आणि नव्याने टेस्ट दिली तेव्हा गाडी मागे घेताना मधेच उतरून त्यांनी भिंतीपासूनचं अंतर मोजलं. साहेबाने नापास केलं. तेव्हा असं ठरलं की गाडी ते चालवणार आणि लायसन्स घेऊन शेजारी मी बसणार. ही कामगिरी मी फार ऐटीत पार पाडली. घाटात वळण आलं की मी लायसन्सवर हात ठेवत असे.

रंगीत तालमीसाठी आम्ही दोघंच उत्तनला गेलो. काकूंचा पाण्याचा दिवस होता. भाईंदर ओलांडून डोंगरीवरून खाली उतरलो आणि एका कोळ्याच्या घराशी, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या मधोमध, काकांनी गाडी लावली. मेहुण्याने दीपगृह केलं होतं, आम्ही बोंबील केले. पावाचा वास आणि बोंबलाचा वास एकत्र आल्यावर मांजरांचं काय होतं हे मला त्या मुक्कामात कळलं. घराची मालकीण, काकांच्या भाषेत "यजमानीण", कमरेवर हात ठेवून गाडीभोवती फिरली. बेल दाबली. वाजली तशी खूश होऊन पुन्हा दाबली. आत डोकावून सगळं न्याहाळलं आणि काकांना म्हणाली, "मोरी हाय, देव हाय, मंग घरात बाय का न्हाय?"

काकांनी उगाच आतला पडदा सरळ केला. ती म्हणाली, "पुढल्या येळेला तिला आन. एकटा आलास तर जागा न्हाय देनार." सकाळी गाडीची चाकं वाळूत रुतली होती. होडी ओढतात तशी कोळ्यांनी ती हाकारे देत बाहेर ओढली. मी बाजूला उभा राहून लायसन्स सांभाळलं. घरी आल्यावर काकांनी काकूंना यजमानीण काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. काकू दुपारी पहिल्यांदाच खाली उतरून गाडीत चढल्या. मोरी बघितली, देव्हाऱ्यातली धूळ पदराने पुसली, टाकीची तोटी सोडून बघितली. "एवढ्याशा पाण्यात काय होतंय?" त्या म्हणाल्या. "येईन मी. पण पाणी मी भरणार."

काका इतके हरखले की कशालाही हो म्हणाले असते.

मे महिन्यात आम्ही निघालो, इगतपुरीच्या पलीकडच्या धरणांच्या मुलखात. तळ्यावर. आमच्या हिने हात जोडून येत नाही म्हणून सांगितलं आणि मला स्वेटर दिला. आदल्या संध्याकाळी काकूंनी घरातली सगळी भांडी उपसून गाडीत पाणी भरलं. दोन मोठी पिंपं बाहेरच्या खोलीत, हंडे स्वयंपाकघरात, मोरीत बादल्या, माळ्यावर माझ्या पायाशी कळश्या. माप माझं एकट्याचं घेतलेलं असल्यामुळे कळश्यांच्या बरोबरीने मला गुडघे पोटाशी घेऊनच झोपावं लागलं. अख्खी विंग पाणी वाहायला मदतीला आली होती, सेक्रेटरीसुद्धा. तळ्यावर जाताना आम्ही पाणी बरोबर घेऊन निघालो होतो आणि त्या सगळ्या माणसांत एकालाही त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी तर ग्रॅज्युएट होतो.

पहिला मुक्काम शहापूरजवळ भाताच्या गिरणीच्या आवारात झाला. मी तूस नाकात जाऊन रात्रभर शिंकत होतो. दुसरा एका वीटभट्टीवर. काका दोन्ही ठिकाणी आनंदाने खुर्ची टाकून बसले आणि काकूंना हाका मारत राहिले. "उतर गं. जरा पाय मोकळे कर." आतून उत्तर यायचं, "पिंपाचं झाकण नीट बसत नाहीये." प्रवासभर त्या पिंपावर हात ठेवून बसल्या होत्या. खिडकीतून बाहेर बघितलंच नाही. काका माझ्याकडे वळून हसायचे, पण ते हसू काही खरं नव्हतं. घर बाहेर आलं होतं आणि काकू अजून घरातच होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी लवकर झोपायचो.

कसारा घाटात पहिल्याच मोठ्या चढाला गाडी थांबली. नुसती थांबली नाही, मागे यायला लागली. सगळ्यात आधी उडी मी मारली. चाकाला दगड लावायला मारली, असं मी तेव्हापासून सांगत आलोय. दगड खरं तर काकांनी ब्रेक ओढून, खाली उतरून, स्वतः लावला. मग त्यांनी टेप काढून रस्त्याचा चढ मोजला, गाडीची लांबी मोजली, चाकं मोजली, आणि सवयीने म्हणाले, "माप घेतलंय मी सगळ्याचं." जरा वेळाने हळूच म्हणाले, "वजन नाही घेतलं."

पाणी ओतून टाकल्याशिवाय गाडी चढणार नव्हती. हे काकूंना सांगायचं कुणी? काका मला म्हणाले, "शेजारी, तुम्ही सांगा." मी म्हटलं, माझ्याकडे फक्त लायसन्सचं खातं आहे. आम्ही दोघं गाडीच्या मागे अपराध्यासारखे उभे होतो. तेवढ्यात वरच्या पाड्यावरच्या बायका रिकामे हंडे घेऊन खाली उतरत होत्या, त्या गाडी बघून थांबल्या. उघड्या दारातून एकीला पिंपं दिसली. तिने काकूंना विचारलं, "बाई, एवढं पानी घेऊन कुठं निघालाव?"

"तळ्यावर," काकू म्हणाल्या.

ती बाई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तळं तर आमच्या उशालाच हाय. पर त्याचं पानी म्हमईकडं जातं. आमी खालच्या झऱ्यावर जातो, वाटीवाटीनं भरतो."

काकू तिच्या हंड्याकडे बघत बसल्या. मला वाटलं, आता म्हणतील, पाण्याचं तेवढं बोलू नका हं. काकांनी तर डोळेच मिटून घेतले होते. काकू उठल्या, पदर कमरेला खोचला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. "रांग लावा," त्या म्हणाल्या. "हंडेवाल्या पुढे, कळशीवाल्या मागे. सांडायचं नाही."

टँकरवर अख्खी बिल्डिंग काबूत ठेवणारा तो आवाज होता, घाटात जरा जास्तच घुमला. काकूंनी स्वतःच्या हाताने तांब्या तांब्या करून पिंपं उपसली. मी माळ्यावरच्या कळश्या खाली दिल्या. एका म्हातारीने काकूंच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, तर काकू तिला म्हणाल्या, "बादली आणा ना घरून, अजून आहे." काकांना काय करावं सुचेना. त्यांनी उगाच एका हंड्याच्या तोंडाचं माप घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. पण मला तुसामुळे सर्दी झाली होती, असं मी तेव्हा सांगितलं.

रिकामी गाडी मग घाट सहज चढली. दुपारी उन्हात आम्ही तळ्यावर पोचलो. काकूंना उतर म्हणावं लागलं नाही. त्या चपला काढून सरळ चालत गेल्या आणि पोटऱ्यांपर्यंत पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. पातळ भिजलं, त्याचंही भान नव्हतं. बऱ्याच वेळाने मागे न बघताच त्यांनी विचारलं, "अहो, हे असंच असतं?"

"असंच," काका म्हणाले.

"दुपारीसुद्धा?"

"चोवीस तास."

काकू मग तिथेच पाण्यात बसल्या. काका काठावर बसले. मी स्वेटर घालून गाडीत बसलो, कारण त्या दोघांजवळ बसून राहायला मला माझीच लाज वाटत होती.

परत निघायचा दिवस आला तेव्हा काकू म्हणाल्या, "मी नाही येत एवढ्यात." मला सोमवारी ऑफिस होतं. राहिला प्रश्न घरच्या पाण्याचा. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. काकूंनी मला किल्ली दिली आणि कुठलं भांडं आधी, कुठलं नंतर, पाइप कसा धरायचा, पाणी यायच्या आधी नळ कसा आवाज करतो, हे सगळं समजावून सांगितलं. नळाचा आवाज तोंडाने काढूनही दाखवला. एसटीत बसवताना काका म्हणाले, "तुम्ही जा, शेजारी. लायसन्स राहू द्या." त्यावर माझा फोटो आहे म्हटलं, तर म्हणाले, "मिशा वाढवतो."

मी घरी आलो. आमची ही म्हणाली, "आपलं मी भरते, काकूंचं तुमचं तुम्ही बघा." पाण्याच्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी काकूंच्या घरात जाऊन बसलो. भर दुपारी नळाने अगदी काकूंसारखा आवाज केला. मी पाइप मोठ्या पिंपात सोडला आणि काकांच्या आरामखुर्चीत जरा टेकलो. पिंपाची खालची तोटी उघडी होती हे मी बघितलं नव्हतं. जाग आली ती बेलने. आमची ही दारात उभी होती आणि तिच्या पायांवरून काकूंचं पाणी जिना उतरत होतं. तळमजल्यावर सेक्रेटरीने त्यातल्या दोन बादल्या भरून घेतल्या. नळ केव्हाच गेला होता. पुढच्या पाळीला तर पाणी आलंच नाही, आणि टँकरवाला चार दिवस फिरकला नाही.

आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी ती दोघं परत आली. काकू उन्हाने रापल्या होत्या आणि भराभर जिना चढत होत्या. मी दारात उभा राहून तीन वाक्यांचं भाषण तयार ठेवलं होतं. त्या घरात आल्या, पिंपाचं झाकण उचललं आणि आत बघितलं. मग एक हंडा बघितला, मग कुकर. सगळं कोरडं होतं. मला इतकं वाईट वाटत होतं की माझ्या भाषणातून फक्त "काकू, डोळा लागला हो" एवढंच बाहेर पडलं. आमची ही जमिनीकडे बघत होती.

काकूंनी झाकण परत ठेवलं. देवाजवळचा दिवा लावला, खिडकी ओढून घेतली आणि दाराबाहेर येऊन कठड्यावरून खाली वाकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "सामान उतरवू नका."

काका वळकटी खांद्यावर घेऊन अजून जिन्यातच होते. ते तिथूनच खाली वळले.